खणातल्या सहा जोड्या

माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात जेवायच्या काड्यांच्या सहा जोड्या आहेत. त्यातली एकही माझी किंवा माझ्या मुलाची नाही. आमच्या दोघांच्या जोड्या ओट्यावरच्या पेल्यात असतात. खणातल्या जोड्या शुनपेईच्या बायकांच्या. लग्नाच्या नव्हेत, गिऱ्हाइकं.

शुनपेई माझा एकुलता एक. शिंजुकूतल्या एका होस्ट क्लबात तो बायकांच्या शेजारी बसतो, त्यांचं ऐकून घेतो, पेला भरतो आणि त्याचे पैसे घेतो. तिथे त्याचं नाव रेओ. एखादी बाई सढळ हाताने खर्च करायला लागली की तो तिला खरं नाव सांगतो, "हे फक्त तुलाच माहीत आहे हं" म्हणतो, आणि एका रविवारी दुपारी कावागुचीला आमच्या घरी घेऊन येतो. आईला भेटवलं की बाईला वाटतं, आता लग्नच. त्याआधी मला फोन येतो, "आई, नव्या काड्या आणून ठेव." एखाद्या घरात आपली जोडी असणं म्हणजे त्या घरचं होणं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी बाईला वाढते आणि म्हणते, "ही तुझी. आता तू इथलीच." निघताना शुनपेई बुटांच्या फडताळावर पैशांचं पाकीट ठेवतो. मी ते उचलते. मी भोळी होते असं काही मी म्हणणार नाही.

पेला भरताना तो बाटलीखाली दुसरा हात धरतो, काचेवरचे थेंब रुमालाने टिपतो, समोरची बाई थकली असेल तर तिने सांगायच्या आत ओळखतो. क्लबात म्हणे सगळे विचारतात, कुठे शिकलास. कुठे म्हणजे? आमच्याच टेबलाशी. त्याचा बाप कंपनीतून यायचा आणि मी हे सगळं करायचे, सत्तावीस वर्षं, फुकट. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं. आणि बाप? तो अर्धा पगार बारमधल्या पोरींवर उधळायचा, त्यांनीही हेच करावं म्हणून. तो गेला तेव्हा मी रडले, ती सवयीने.

कोतोमी अरिमुरा ही सहावी. छत्तीस वर्षांची, एका मोठ्या इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स. बाकीच्या पाचजणींनी माझ्या स्वयंपाकाची तोंडदेखली स्तुती केली होती. ही पहिल्याच रविवारी म्हणाली, "आई, मुळा जरा कच्चा राहिलाय." मला ती तिथेच आवडली. तिच्या काड्या निळ्या होत्या. नाव कोरायला दुकानदार आठवडा लावणार होता, म्हणून तशाच आणल्या होत्या.

वर्षभर ती येत राहिली. हिवाळ्यात तिच्या अंगावरचा चांगला कोट गेला, मग मनगटावरचं घड्याळ गेलं. मे महिन्यात शुनपेई मला सहज म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला कोतोमी शॅम्पेनचा मनोरा लावतेय. पेल्यांवर पेले रचून, माणसाच्या उंचीचा. सगळा खर्च तिचा."

"एवढे पैसे नर्सला कोण देतं?"

"इस्पितळ सोडतेय. लांबच्या एका गावी दुकानात लागतेय. माझ्या ओळखीच्यानेच लावून दिलंय. सोमवारी राजीनामा देईल."

दुकान कसलं ते मला कळलं. पुरुष अंघोळीच्या नावाखाली जातात तसलं. मी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी विचारलं, "अजून भात वाढू?"

पण रात्रभर झोप नाही लागली. सोमवारच्या आधी एक रविवार होता. तिला सांगायचं ठरवलं, तर तो समोर बसलेला असणार आणि माझी जीभ त्याच्यासमोर कधी वळत नाही. म्हणून मी तिच्यापुढे निळ्या काड्या मांडल्याच नाहीत. आधीच्या एकीच्या लाल मांडल्या. त्यांवर सोनेरी अक्षरांत 'मायुको' कोरलेलं होतं. पकडली गेले असते तर चुकून मांडल्या म्हणता आलं असतं, इतकंच माझं धाडस.

कोतोमीने नाव वाचलं. शुनपेईनेही. त्याने नेहमीसारखा तिला चहा ओतला. ती "जेवते हं, आई," म्हणाली आणि त्याच काड्यांनी मासा काट्यापर्यंत स्वच्छ खाल्ला. मग तो सिगारेट ओढायला गॅलरीत गेला. भांडी घासायला आम्ही दोघी उरलो.

"नाव वाचलंस ना?" मी विचारलं.

"वाचलं."

"अशा सहा जोड्या आहेत."

"माहीत आहे. दुसऱ्यांदा आले तेव्हा चमचा शोधताना खण उघडला होता." ती जराशी हसली. "माझी सगळ्यात नवी होती, म्हणून बरं वाटलं. काय मूर्खपणा, नाही?"

"मग राजीनामा देऊ नकोस. तो लग्न करणार नाही. माझ्या पोटचा आहे, मी सांगते तुला."

"लग्न कुणाला हवंय, आई? लग्न केलं तर त्याचा पेला मलाच भरावा लागेल." ती वाडगा विसळत राहिली. "वॉर्डात हाताखालच्या अठ्ठावीसजणी माझ्या तोंडाकडे बघत असतात. डॉक्टर म्हणतात, अरिमुरा आहे ना, मग काळजी नाही. घरी बाबा म्हणतात, एवढी मिळवती बाई कोण करून घेणार. दमलीस का, असं कुणी विचारत नाही. रेओ विचारतो. तुम्ही विचारता."

"मी पैसे घेऊन विचारते गं."

"बाबांना माझी आई फुकट विचारायची. मला विकत घ्यावं लागतं. जमाना बदलला तो एवढाच."

मी तिचे ओले हात धरले. "तू एकटी ये इथे. दर रविवारी. पाकीट नको, काही नको. मुळा नीट शिजवीन."

"त्याला न विचारता?"

आणि मी गॅलरीकडे पाहिलं. क्षणभरच. त्याची पाठ होती, त्याला ऐकूही जात नव्हतं. तरी मी पाहिलं.

"बघा," कोतोमी हळूच म्हणाली. तिने नळ बंद केला आणि हात पुसले.

सोमवारी तिने राजीनामा दिला. वाढदिवसाचा फोटो शुनपेईने मला फोनवर दाखवला. मधोमध मनोरा, शेजारी तो, आणि कडेला एका बाईचा फक्त खांदा. तो खांदा मी ओळखला. त्यानंतर ती आली नाही. मी तिचा नंबर मागितला, तर म्हणाला बदललाय.

ऑक्टोबरात फोन आला. "आई, रविवारी एकीला आणतोय. नव्या काड्या नको आणूस. त्या निळ्यांवर नाव नाही ना, त्याच चालतील."

मुलगी बावीस-तेविशीची होती, गोड. मी तिच्यापुढे सहाही जोड्या मांडल्या, पाचांवरची नावं वर करून. शुनपेईचा चेहरा उतरला. मुलगी हसली आणि तिने निळ्या उचलल्या. "या कुणाच्या?"

या खेपेला मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कोतोमीच्या," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. कोट, घड्याळ, इस्पितळ, ते दुकान, मनोरा, माझी पाकिटं. शुनपेई दोनदा "आई" म्हणाला, मी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा जेवण गार होऊ दिलं.

मुलीने काड्या हातात तशाच धरून सगळं ऐकलं. मग ती शुनपेईकडे वळली.

"तिचा मनोरा किती उंच होता?" तिने विचारलं.