तवल्या घ्या तवल्या

मला कुणी घरी बसवून दाखवावं! आईला जमलं नाही, सासूला जमलं नाही. बारसं असो, जत्रा असो, नाहीतर कुणाचं नुसतं पोट दुखत असो, ठमाबाई निघालीच. माझे मालक मुंबईला गिरणीत. सुट्टीवर आले की घराआधी शेजाऱ्यांना विचारायचे, "ठमा गावात हाय का?" लोक म्हणत, हिच्या पायाला भिंगरी आहे. असू दे. आज श्रीवर्धनपर्यंत माझ्या तवल्यांच्या टोपल्या जातात, त्या याच भिंगरीच्या जिवावर.

पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि मी तर कायमची पाहुणी. म्हणून शेजारच्या बुधाजी कुंभाराकडून मातीची तवली घ्यायची आणि जाईन त्या घरी द्यायची. माशांचं कालवण तवलीत शिजलं की दोन घास जास्त जातात. आगरदांड्याच्या खाडीपलीकडे दिघीला माझी नणंद सोनूबाई दिलेली. तिच्या आळीत घरोघर माझ्याच तवल्या. फुटली की निरोप यायचा, येताना दुसरी आण. मीही न्यायची.

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील, बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली. हलकी, चकचकीत, पडली तरी फुटत नाहीत. बुधाजीच्या अंगणात तवल्या पडून राहू लागल्या. एक दिवस तो म्हणाला, "ठमावयनी, चाक इकतो आनि मुंबैला जातो. गिऱ्हाईक बघून गेलाय."

मी भडकले. "तुज्या तवल्या कोन घेत न्हाय? दिघीला जाऊन बघ!"

"तितं तू फुकट वाटतेस. फुकट कुनाला नको?"

जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. "टोपली भरून दे," मी म्हटलं. "सगळ्या इकून रिकामी आनली तर चाक ऱ्हाईल. बोल!"

तो हसला, पण टोपली भरून दिली.

होडीत बसले खरी, पण खाडीच्या मध्यावर मला घाम फुटला. ज्या घरात जेवले, झोपले, त्या घराकडे पैसे कसे मागायचे? पाहुणीने दाम मागितला तर पुन्हा कुणी दारात उभं करील का? दिघीचा धक्का जवळ आला तेव्हा तोड सुचली. पाहुणी व्हायचंच नाही.

सोनूबाईच्या दारी गेले आणि ओट्यावर न चढता खाली अंगणात टोपली घेऊन बसले. "तवल्या घ्या तवल्या!"

सोनूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "अगो वयनी, उन्हात काय बसलीस? वर ये."

"पानी न्हाय घेत, वन्सं. आज पावनी न्हाय, धंद्याला आलेय. बुधाजी चाक इकाया निघालाय. तवली पायजे तर दाम मोजायला लागंल."

तिचं तोंड उतरलं. तांब्या ओट्यावर आपटून ती आत गेली. सख्ख्या बहिणीसारखी नणंद, तिला मी दुखावलं होतं. तांब्या हाताच्या अंतरावर होता आणि घसा सुकला होता. तरी मी हलले नाही.

बऱ्याच वेळाने ती घराच्या मागून आली, ती आळीतल्या सगळ्या बायका गोळा करून! "घासाघीस करा गो," ती ओरडली. "आज ही माजी वयनी न्हाय."

बायकांनी एकेक तवली बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिली, भाव पाडला, नाकं मुरडली. मीही हार गेले नाही. एक म्हातारी म्हणाली, "जर्मनात कालवन गोडच लागत न्हाय, पन तवली फुकट येतेय तवर तिची किंमत कोन इचारतो!" सगळ्यात जास्त हुज्जत सोनूबाईने घातली आणि शेवटची तवली तिनेच घेतली.

मग हाताला धरून तिने मला वर ओढलं, तांब्या हातात दिला, पान वाढलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "काय गो वयनी, जल्मात पयल्यांदा रिकाम्या हातानं आलीस माज्या घरात."

मला हसू आलं आणि रडूही. म्हटलं, "वन्सं, आज मला रिकाम्या हातानंच घरी जायाचाय."