कावळा कुणाच्या शब्दाला आला

सगुणेच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड खाडीकाठच्या कातळावर मांडला होता आणि कावळे समोरच्या माडावर बसले होते, पण खाली एकही येत नव्हता. बाईची काहीतरी इच्छा राहिली, असं जो तो म्हणू लागला. हात जोडून कुणी म्हणालं तुझ्या सासूला अंतर देणार नाही, कुणी म्हणालं काळी गाय विकणार नाही. कावळे ढिम्म हलले नाहीत.

मग तिचा थोरला भाऊ महिपत पुढे झाला. "सगुणे, मालनला मी नेतो. माझ्या पोरींबरोबर वाढवीन."

एक कावळा कातळावर उतरला आणि मान वाकडी करून बसला. तेवढ्यात मागून सगुणेचा नवरा लवू म्हणाला, "तो खोका पुरा करतो गो."

कावळ्याने भाताला चोच मारली.

भांडण तिथंच लागलं.

"माझ्या शब्दाला आला," महिपत म्हणाला.

"उतरला तुझ्या शब्दाला. शिवला माझ्या."

"मेल्या, आईचा जीव लेकीत अडकेल की तुझ्या खोक्यात?"

वाडीतले जाणते आप्पा मध्ये पडले नसते तर दोघे तिथंच एकमेकांच्या अंगावर गेले असते. आप्पांनी तोड काढली. दसऱ्यापर्यंत लवूचा रेडिओचा खोका बोलला तर बाईची इच्छा तीच होती असं धरायचं, आणि मालन बापाकडे राहील. नाही बोलला तर मामाने तिला न्यावी. दोघांनी मान्य केलं. मालनला ते संध्याकाळी सांगितलं. ती चौदा वर्षांची होती.

लवू आगबोटीवर सुतार होता. बोटीवरच्या तारवाल्याने टाकून दिलेला रेडिओ त्याने घरी आणून चालू केला होता. पण तो ऐकायचा कानाला डबी लावून, एका वेळी एकाने. सगुणा आजारी पडली तेव्हा तिला ती डबी कानाशी धरवेना. "खाटेवरून ऐकू येईल असं काहीतरी करा," ती म्हणाली होती. लवूने फणसाच्या फळीचा खोका करायला घेतला. आवाज मोठा करायला आत बसवायचा जाड कागदाचा पसरट द्रोण तिनेच पडल्या पडल्या चिंचोक्याच्या खळीने चिकटवला. तो खोक्यात बसायच्या आधीच ती गेली.

आता पावसाळा तोंडावर होता. लवूने द्रोणाच्या कडेला मेंढीच्या मऊ कातड्याची पट्टी लावली, तो खोक्यातल्या कड्यावर ताणून बसवला, आणि डबीतल्या पत्र्याला जोडलेली सुई त्याच्या टोकाला अडकवली. आवाज आला. बारीक, पण खाटेपर्यंत पोचेल असा. खाट रिकामी होती.

मग पाऊस लागला आणि आठवड्याभरात द्रोण लिबलिबीत झाला. त्याला बुरशी आली. खोक्याला लाख लावावी तर ओल्या हवेत तिच्यावर पांढरी साय धरायची. महिपत दर बाजारच्या दिवशी वाट वाकडी करून यायचा आणि अंगणातूनच विचारायचा, "काय रे, बोलला का तुझा जावई?"

"तू बोलतोस तेवढं पुरे आहे."

"बायकोचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत गाणी ऐकणारा माणूस पहिल्यांदा बघतोय."

एका बाजाराला तो हे बोलून गेला आणि लवूचं डोकं फिरलं. त्याने जन्मभर एकच शिकलं होतं, पाण्यापासून वाचवायचं तर काजूच्या टरफलाचं तेल पाजायचं. होडीला पाजतात तसं त्याने द्रोणाला पाजलं, एकावर एक हात देऊन. द्रोण वाळला. पाण्याचा थेंब वर ठरेना. पण आवाज गेला. रेडिओ लावला की आतून कुणीतरी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं यायचं. कागद फळीसारखा जड झाला होता, एवढीशी सुई तो हलवणार कशी? होडीला जड असून चालतं. हा कागद हलायला हवा होता. हे त्याला कळलं तेव्हा उपाय उरला नव्हता.

सगुणेने चिकटवलेला द्रोण त्याने सुरीने कापून काढला. मालन दारात उभी राहून बघत होती. "दुसरा चिकटवून दे," तो म्हणाला.

"तुम्हीच चिकटवा."

त्याने चिकटवला. दोनदा फसला. तिसऱ्याला खळ पातळ ठेवली, आणि वरून लाखेचा एकच हलका हात दिला, तोही चुलीजवळ कागद कोरडा करून. भाद्रपदात ऊन पडलं तेव्हा खोक्यालाही लाख लावली. मलमलीत कापसाचा बोळा बांधून तो दिवसभर गोल गोल हात फिरवायचा. फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं दिसू लागलं. एवढं सुरेख काम त्याने बोटीवर कधी केलं नव्हतं, आणि ते करताना त्याच्या मनात महिपतला शिव्यांखेरीज काही नव्हतं.

दसऱ्याला दिवेलागणीच्या सुमारास अख्खी वाडी अंगणात जमली. दोन माडांमध्ये तार ताणलेली होती, मोटारवाल्याकडून बॅटरी भरून आणली होती. लवूने कळ फिरवली. नुसती खरखर.

"मुंबईत पापड तळतायत," महिपत म्हणाला. लोक हसले.

लवूने दात खाऊन कळ आणखी थोडी फिरवली. आणि एकाएकी एक पुरुष स्वच्छ, मोठ्या आवाजात बोलू लागला. पार गोठ्याशी बसलेल्या तुळसाकाकूलाही ऐकू गेलं. तो कोंबड्यांच्या रोगांवर भाषण करत होता. मान टाकलेली कोंबडी इतरांपासून वेगळी कशी ठेवावी, ते सांगत होता.

"बोलला," आप्पा म्हणाले.

"हे ऐकायला माझी बहीण अडकून राहिली होती?" महिपत म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. तो उठला. "माझा शब्द मी पाळतो. पोर तुझी. पण हे घर आजपासून मला मेलं. हिच्या लग्नात अंतरपाटाशी हिला आणायला मामा दुसरा शोध."

खोका बोलत राहिला. मामाने धरून आणल्याशिवाय मुलगी बोहल्यावर उभी राहत नाही, आणि मालनला दुसरा मामा नव्हता.

लवूने लेकीकडे पाहिलं. ती मामाकडे बघत होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती. इतक्या महिन्यांत तिने बापासमोर डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता.

महिपत कुंपणातल्या बेड्याच्या फाटकापर्यंत पोचला होता.

"थांब," लवू म्हणाला. "कावळा तुझ्या शब्दाला आला होता."

"काय म्हणालास?"

"बहिरा झालास? तुझ्या शब्दाला आला. मी बघितलं होतं. घेऊन जा तिला. आणि लग्नाला उभा राहिला नाहीस तर घरी येऊन तंगडी मोडीन."

"मग इतके महिने सगळ्यांना खेळवलंस? खोटारड्या!"

"खोटारडा तर खोटारडा. ने."

खरं काय ते लवूलाही ठाऊक नव्हतं. दहाव्याला कातळाशी उभा असताना ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मालन आत गेली आणि कपड्यांचं बोचकं घेऊन आली. बापाच्या पाया पडली. "दिवाळीला येईन," ती म्हणाली. महिपतने बोचकं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि लवूकडे न बघता चालू लागला.

आप्पांनी लवूच्या खांद्यावर हात ठेवला. "बंद कर आता ते."

"नाही."

"लवू, माणसांना घरी जाऊ दे."

"ज्याला जायचं त्याने जावं." त्याने आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली. कोंबडीला हळद किती द्यावी, ते साऱ्या वाडीला ऐकू जाऊ लागलं. बंद केलं असतं तर घाटी उतरताना महिपतला कळलं असतं, की लवू मोडला.