तिळाचं पाऊल

मार्गशीर्षातली कोवळी, केशरी सकाळ. खाडीवर धुक्याचा पातळ पदर, पदराआड पाणी, पाण्याआड आभाळ. कुठे काय संपतं ते कळू नये असा सगळा धूसर, रुपेरी पसारा. त्या पसाऱ्यात मिठागराचे वाफे रिकामे पडून असतात, ओले, गप्प, कुणाची तरी वाट पाहत.

ते पावलांची वाट पाहतात. या दिवसांत मिठागराची भुई तुडवतात. बायका-पुरुष हातात हात गुंफून, एका तालात, अनवाणी पायांनी चिखल दाबत जातात. दाबत जातात, दाबत जातात, तो आरशासारखा गुळगुळीत होईपर्यंत. मग बांधातली उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, उचलायची, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि पुढचं सगळं उन्हावर सोपवायचं. ऊन पाणी पिऊन टाकतं आणि मीठ तेवढं आपल्यासाठी ठेवतं.

पण पहिलं पाऊल मात्र वाटेल त्याने टाकायचं नाही. खाडीकाठच्या या गावात ते तिळाच्या पायाचं. जिच्या तळव्यावर काळा तीळ, तिने आधी वाफ्यात उतरायचं, मग बाकीच्यांनी. तळव्याचा तीळ म्हणजे लक्ष्मीने केलेली खूण, असं इथल्या म्हाताऱ्या सांगत. का, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

द्वारकेच्या तळव्यावर तो लग्नानंतर उगवला. पायात शिंपल्याची कच घुसली होती, ती काढताना सासूने, पदीबायने पाहिला. श्यामल, सुकुमार, तिळाएवढा तीळ.

"द्वारके, तुजे पायाला काला तील हाय गो! लक्षुमी आली आमचे घरान!"

आणि एवढी मोठी बाई, पण अंगणात हरखून नाचली.

मग दर मार्गशीर्षात द्वारका पुढे आणि गाव मागे. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायाखाली गार गार चिखल. मीठ पिकलं की बायका तिची अलाबला घेत. तीळही वाढत गेला. तिळाचा मसूर झाला, मसुराचा चिंचोका झाला. कडा फाटल्या, काळ्यात निळं उतरलं. लक्ष्मी वाढतेय, म्हणून गाव सुखावलं. कधी त्यातून रक्त आलं, मिठाने चुरचुरलं. पण मिठागरात पाय कुणाचा फुटत नाही? रागवावं तरी कुणावर? सगळ्यांनी तिच्यावर मायाच केली होती.

मग मैथिली जन्मली. दुपारी दुधाळ, ऊबदार, अर्धोन्मीलित झाल्या. छातीशी चिमुकलं तोंड, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब, बाहेर वाफ्यांवर चमचमणारं ऊन. अशाच एका दुपारी द्वारकेच्या बोटांना छातीत गाठ लागली.

दूध गोठलंय, पदीबाय म्हणाली. तिने तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि रोज तिन्हीसांजेला शेकत राहिली. दूध मोकळं झालं. गाठ नाही झाली. शेवटी नवरा, हरेश, तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

सुईने गाठीतून काढलं ते काळं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "द्वारकाताई, अंगावर कुठे काळा डाग आहे?"

द्वारकेचा चेहरा उजळला. तिने चप्पल काढली आणि अभिमानाने पाय वर केला.

"हाय ना! लक्षुमीचा हाय."

डॉक्टरीणबाईंनी तो पाय ओंजळीत धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. खिडकीत श्रावणाचं ऊन येत होतं, जात होतं, येत होतं.

"ही गाठ छातीत उगवलेली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ती इथून निघाली आहे. हा कातडीचा कॅन्सर आहे, ताई. आता औषधं चांगली आहेत, आपण सगळं करू. पण मी वचन देणार नाही."

म्हणजे तो चालत आला होता. तळव्यापासून छातीपर्यंत, अनवाणी, निःशब्द, तिच्याच रक्ताच्या वाटेने. लक्ष्मीच्या पावलांनी आलेला तो पाहुणा कुणीही दारात अडवला नव्हता.

द्वारकेने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "पोर माझं दूध पितंय. तिच्यान गेला असंल काय?"

"दुधातून जात नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते शब्द कानापर्यंत पोहोचले. छातीपर्यंत मात्र पोहोचले नाहीत. तिथे आता भीतीच भरून राहिली होती.

तीळ कापला. त्याच्याभोवतीचा तळवा कापला, मांडीची कातडी तिथे बसवली. छातीतली गाठही काढली. थेंबाथेंबाने शिरेत औषध जाऊ लागलं आणि अंगावरचं दूध तोडावं लागलं. मैथिली पदराला झोंबायची, हुंदके देत झोपून जायची. द्वारका भिंतीकडे तोंड करायची. लेकीला कुशीत घ्यायचीसुद्धा तिला भीती वाटू लागली होती.

आणि पुन्हा मार्गशीर्ष आला. उद्या भुई तुडवायची. मावळतीचं सोनेरी, सुस्तावलेलं ऊन दारातून आत आलं, पाळण्यापर्यंत आलं, पाळण्याबाहेर लोंबणाऱ्या इवल्या पायावर येऊन थांबलं. द्वारका लंगडत जवळ गेली आणि जागीच थिजली.

लेकीच्या तळव्यावर काळा ठिपका होता. गोल, गडद, नेमका तिथेच.

वारा थांबला. खाडी थांबली. अंगठ्याने तिने तो ठिपका पुसला, पुन्हा पुसला, वेड्यासारखा पुसला.

आणि ठिपका फिसकटला. काळा ओघळ टाचेकडे पसरला, अंगठ्यावर उतरला. काजळ होतं ते. तीट! साधी, घरची, तुपाळ तीट! द्वारका मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं.

दारात पदीबाय उभी होती, हातात काजळाची डबी घेऊन.

"मीच लावलीय गो. तुजा तील कापला, तवा वाटला, घरची लक्षुमी जाल. म्हंटला, उद्याला पोरीलाच आधी उतरवू..."

आणि बोलता बोलता तिने सुनेचा चेहरा पाहिला. डबी हातातून गळली. सगळी वर्षं, सगळे मार्गशीर्ष, तो अंगणातला नाच एकदम तिच्या अंगावर आला. म्हातारीने पदर ओला केला, नातीचा तळवा पुसून पुसून लख्ख केला. मग वाकली आणि सुनेच्या पट्टी बांधलेल्या पायावर कपाळ टेकून ढसाढसा रडली.

"मीच नाचले गो बाय. मीच नाचले."

"आई, उठा," द्वारका म्हणाली. तिने सासूचं डोकं मांडीवर घेतलं. "मना तरी कुठं ठावं व्हतं?"

त्या सांजेला तिने कित्येक दिवसांनी लेकीला छातीशी धरलं. दूध नव्हतं, ऊब होती. मैथिलीला ती पुरली.

सकाळी गाव बांधावर जमलं. धुकं होतं, केशर होतं, वाफे वाट पाहत होते आणि पहिलं पाऊल कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पदीबाय पुढे झाली.

"पाय दाखवा गो सगल्या. जिचे पायाला तील, ती माझेसंगती डाक्टरकडं. वाफ्यान नाय."

बायका बांधावर बसल्या आणि एकमेकींचे तळवे हातात घेऊन पाहू लागल्या. इतक्या मायेने इतके पाय त्या गावात कुणी पाहिले नव्हते.

मग द्वारका बांधाच्या कडेला बसली. लेकीच्या दोन्ही काखांत हात घालून तिने तिला अलगद खाली सोडलं. कोरा, गुलाबी, निष्कलंक तळवा गार चिखलात उमटला, मैथिली खिदळली. गाव भुई तुडवत गेलं, पण ते पाऊल तुडवायला कुणाचा पाय धजला नाही.

उघाडी उचलली. पाणी आलं. ऊन पीत राहिलं.

फाल्गुनात औषधाची पुढची खेप घ्यायला निघण्याआधी द्वारका बांधावर आली. पुढचा मार्गशीर्ष आपल्याला दिसेल की नाही, ते तिला माहीत नव्हतं. तिने वाकून पाहिलं. त्या इवल्या पावलात मीठ उतरलं होतं, टाचेत, तळव्यात, पाचही बोटांत. काळा ठिपका कुठेच नव्हता. नुसतं पांढरं, पांढरं, पांढरं.