नादुरुस्त म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना, तान्ह्या बाळांचा वजनकाटा आहे. देशाचं भवितव्य मी तीस वर्षं डोक्यावर तोललं. त्यातल्या बऱ्याचशा भवितव्यानं तिथंच शू केली.

कारखान्यात मला पांढरा रंग, एक गोल तबकडी आणि एक परात मिळाली. तिथून मी माता-बाल दवाखान्यात आलो. तिथल्या नर्सबाई कडक. रोज पहिल्या बाळाआधी त्या माझ्यावर एक किलोचं पितळी वजन ठेवत. काटा बरोबर एकावर थांबला, तरच काम सुरू. आणि आयांना दटावत, "कपडे काढा आधी! मला बाळ तोलायचंय, तुमचं विणकाम नाही."

एका शिवणकाम करणाऱ्या बाईची दहा महिन्यांची मुलगी होती. सगळे तिला काडी म्हणत. साडेसहा किलोच्या आतल्या मुलांना दुधाची भुकटी मिळे. काडी जेमतेम सहा भरायची. ती त्या भुकटीवरच तगली होती.

एके दिवशी वरून तपासणी आली. आमच्या साहेबांना अहवालात एकही अशक्त मूल नको होतं. मुलांना खाऊ घालण्यापेक्षा माझा स्क्रू पिळणं सोपं. त्यांनी सकाळीच येऊन तो पिळला आणि म्हणाले, "बाई, आज ते पितळी वजन राहू दे. पाहुणे घाईत आहेत."

पहिलीच काडी. काटा थेट साडेसहावर! मी शरमेनं कुरकुरलो, पण वजनकाट्याचं कोण ऐकतं?

"अगं बाई, वाढली माझी पोर!" आई हरखली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... दूध बंद?"

"आनंदाची गोष्ट आहे, बाई," साहेब म्हणाले.

नर्सबाईंनी काडीला उचललं, हातावर जोखलं. "बुधवारी सहा होती. दोन दिवसांत काय डोंगर खाल्ला हिनं?" त्यांनी खणातून पितळी वजन काढलं आणि पाहुण्यांदेखत माझ्यावर ठेवलं. काटा दीडवर गेला.

"घ्या साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "वजनानंसुद्धा बाळसं धरलं."

आधी आया हसल्या, मग पाहुणे. साहेबांनी हसण्याचा प्रयत्न केला. स्क्रू जागेवर आला, काडी सहावर आली, भुकटीचा डबा तिच्या आईच्या पिशवीत गेला.

अहवालात मात्र साहेबांनी लिहिलं, 'काटा नादुरुस्त.' माझ्या चारित्र्यावरचा हा एकमेव डाग, आणि मला तो मुळीच मान्य नाही! बाईंनाही नव्हता. निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसऱ्या काट्याला हात लावला नाही.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, काटे सांभाळा. काटा खोटं बोलायला लागला, की मुलं फक्त कागदावर वाढतात. मी आजही एक किलोला एकच किलो म्हणतो. कुणीही येऊन ठेवून बघावं!

आणि हो, इथला शिपाई रोज माझ्या परातीत जेवणाचा डबा ठेवतो. माझी हरकत नाही. फक्त त्यानं डबा पिशवीतून काढून ठेवावा. मी कपड्यांसकट वजन घेत नाही.