बुरमाचा अर्धा प्याला

एखाद्या माणसाचा आनंद आटू लागला की त्याच्या निकटचे लोक प्रथम त्याच्या अंतःकरणात दोष शोधतात. त्याच्या देहाला काही उणे पडले असेल, हा विचार फार उशिरा सुचतो. तोवर प्रेम करणाऱ्यांकडूनच अन्याय घडून गेलेला असतो.

दूरच्या एका थंड, डोंगराळ मुलुखातल्या नारीन नदीकाठच्या ओमुरझाकचे असेच झाले. त्याची पत्नी बुरमा चहा देई तो अर्धा प्याला. त्या मुलुखात अर्ध्या प्याल्याचा अर्थ 'बसा, मी पुन्हा ओतीन' असा होतो आणि काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा 'प्या आणि निघा' असा. तरुणपणी त्या अर्ध्या अर्ध्या प्याल्यांत त्यांच्या कितीतरी संध्याकाळी सरल्या होत्या. ती नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, शिवता शिवता साऱ्या गावाच्या नकला करी आणि तो हसता हसता चहा सांडी.

पुढे तो मुलूख ज्यात होता ते मोठे संघराज्य मोडले, सरकारी दुकान बंद पडले आणि पाकिटातले मीठ मिळेनासे झाले. ओमुरझाकने वडिलोपार्जित डोंगरातून खड्यांचे मीठ खोदून आणले.

"हे आपल्या वाडवडिलांचं मीठ," तो अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे आता तुम्ही आणखी खारट बोलणार!" बुरमा हसली होती.

ते हसू नंतरच्या वर्षांत हळूहळू विझले. भर उन्हाळ्यात ती लोकरी शाल गुंडाळून बसे. आवाज घोगरा झाला. धाकट्या लेकीच्या लग्नासाठी शिवायला घेतलेला नमदा अर्धवट गुंडाळून कोपऱ्यात पडला. काही विचारले तर उत्तर दुरून चालत आल्यासारखे उशिरा येई. आपल्याबरोबरच्या संसाराला ही विटली, असे ओमुरझाकच्या मनाने घेतले.

आणि एका सकाळी तिने त्याच्यापुढे काठोकाठ भरलेला प्याला ठेवला.

"जा म्हणतेस मला?" त्याने विचारले.

"प्या ना," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

त्याने प्याला तसाच ठेवला, घोड्यावर खोगीर चढवले आणि खिंडीपलीकडे थोरल्या भावाचे घर गाठले. परत न जाण्याचाच त्याचा निश्चय होता. भावाची लेक जिपार रुग्णालयात डॉक्टर होती आणि त्या दिवशी घरी आली होती.

"काका, एकटेच? काकूंनी हाकललं की काय?"

"हाकललंच. भरून दिला प्याला."

जिपार हसायला गेली आणि थबकली. "थंडी फार वाजते का त्यांना? आवाज बदललाय? गळा सुजल्यासारखा दिसतो?"

"दिसतो. पण त्याचा माझ्याशी भांडण्याशी काय संबंध?"

"भांडायचं तर त्राण लागतं, काका! मीठ कुठलं खाता?"

"आपल्या डोंगराचं. शुद्ध."

"शुद्ध आहे, पण त्यात आयोडीन नाही. आपल्या मातीतच ते कमी. दुकानातल्या मिठात घातलेलं असायचं. ते मिळालं नाही की काहींच्या गळ्यातली ग्रंथी मंदावते, मग अंग जड होतं आणि मनही विझतं. हे तेच असेल असं मी बघितल्याशिवाय म्हणणार नाही. आधी रक्त तपासू."

ओमुरझाकने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे ती मला जा म्हणत नव्हती?"

"प्याला भरेपर्यंत हात थांबवायचंच सुचलं नसेल, काका."

तो त्याच दिवशी जिपारला घेऊन माघारी फिरला. तपासणीत ग्रंथी मंदावल्याचेच निघाले. आता नुसते मीठ बदलून भागणार नव्हते. रोज पहाटे उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि त्यानंतर तासभर चहा नाही.

"चहाशिवाय सकाळ? मला पुरूनच टाका की," बुरमा पुटपुटली.

"मग मीही पीत नाही. पुरायचं तर दोघांना एकदमच," ओमुरझाक म्हणाला.

तेव्हापासून ती दोघे रोज सकाळी विझल्या चुलीपाशी रिकामे प्याले घेऊन बसत. तो बोले, जुन्या संध्याकाळी आठवून आठवून सांगे, आणि ती ऐके. डोंगराचे मीठ मेंढ्यांना चाटायला गेले. दिवस फार सावकाश पालटले. आधी शाल सुटली, मग नमदा उलगडला.

बर्फ पडू लागले तेव्हाच्या एका सकाळी तास सरला आणि बुरमाने चहा ओतला. ओमुरझाकने प्याल्यात पाहिले, तर तो अर्धाच होता.

"एवढाच?" तो म्हणाला.

"हावरटासारखे बघता काय, म्हातारबा? बसा. परत ओतते ना!"

त्याने दोन्ही तळहात उघडून चेहऱ्यावरून फिरवले, त्यांच्या रीतीप्रमाणे प्रार्थनेच्या शेवटी फिरवतात तसे. ज्यांच्या घरी कोणी असे मुके होऊन बसले असेल, त्यांना वेळीच कारण उमगो; त्यांच्या चुली पुन्हा पेटोत आणि त्यांचे प्याले सदैव अर्धे राहोत.