माझं बारसं परवा

रंगूनच्या छापखान्यात तीन वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले आणि मद्रासमार्गे बोरीबंदरला उतरलो, तेव्हा डोक्यात घर नव्हतं, मुंबई होती. खोटं कशाला सांगू? ट्रामच्या घोड्यांची लीद नाकात गेली तरी छाती फुगली.

गिरगावातली आमची चाळ मात्र बोडकी उभी होती. प्लेगपायी ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवलेली, दारांवर मेलेल्यांच्या खुणेची तांबडी वर्तुळं. कोपऱ्यावरचा तुळशीदास वाणी मला बघून तराजू धरूनच थिजला.

"शेठ, आमची माणसं कुठं गेली?"

त्यानं आधी माझी पावलं उलटी आहेत का ते पाहिलं. मग म्हणाला, "परळला. भोईवाड्यात, देवळामागच्या चाळीत. बरी हायेत समदी. तुमी... चालत आलात?"

"मग काय उडत येऊ?"

तो हसला नाही. मला काही कळेना. पण माणसं बरी आहेत एवढं पुरलं. तसंच परळ गाठायला हवं होतं. नाही गाठलं. खानावळीत ट्रंक टाकली, तळलेले बोंबील पोट फुटेस्तोवर खाल्ले, चौपाटीच्या वाळूत अनवाणी हिंडलो. तीन वर्षं थांबली ती आणखी एक दिवस थांबतील, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भोईवाड्यात पोचलो. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहताच सूप टाकून धावली, आणि हातभर अंतरावर थबकली.

"शिवू नकोस, रघू. परवापर्यंत थांब."

"का? मला काय प्लेग झालाय?"

"तू मेलायस रे बाळा," म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

हुंदक्यांतून जेवढं निघालं ते असं: रंगूनहून आलेल्या एका खलाशानं सांगितलं, छापखान्यातला मराठी माणूस पटकीनं गेला. तो दुसरा होता, बिचारा. इकडे चाळ रिकामी झालेली, माझी पत्रं कुणाला मिळणार? भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला माझं नाव दिलं आणि जाळला. तेरावंसुद्धा झालं. आता मी परत यायचं तर पुन्हा जन्मायला हवं. परवाचा मुहूर्त. तुपानं माखून अंघोळ, बारसं, मग दुर्गेशी नव्यानं लग्न.

"बत्तीस वर्षांचा घोडा पाळण्यात घालणार? मिशीसकट?" मी ओरडलो. "ज्यानं मला जाळलं त्या भटजीला आण इथं!"

तेवढ्यात दुर्गा दारात आली. कपाळ रिकामं, मनगटं रिकामी. माझी बायको, आणि मी जिवंत असताना विधवा! मला तिच्याकडे बघवेना.

"काल उतरलात ना?" ती म्हणाली. "तुळशीदासशेठनं कालच माणूस धाडला होता. तेव्हापासून दारात बसलोय आम्ही. कुठं होतात?"



"चौपाटीवर," मी म्हणालो.

"बरी होती?"

मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

गल्लीतून कासार चालला होता. दुर्गेनं त्याला हाक मारली आणि ओट्यावर बसून दोन्ही हात पुढे केले. कासार घुटमळला.

"वहिनी, मी कसा भरू? परवा मुहूर्त आहे म्हणतात."

"मुहूर्त यांचा आहे, माझा नाही. मी कुठं मेले होते? हे बसलेत ना समोर, दिसतात ना तुम्हाला?"

"दिसतात खरे," कासार म्हणाला, पण हलला नाही. त्यानं आईकडे पाहिलं. घरात मोठं माणूस तीच. मी तोंड उघडलं, तर आईनं हातानंच गप्प केलं. मग तिनं दुर्गेच्या मनगटांकडे पाहिलं.

"हिरव्या भर," आई म्हणाली. "आणि भटजींनी विचारलं तर माझं नाव सांग."

कासारानं एकेक बांगडी दाबून चढवली. दुर्गेच्या डोळ्यांत पाणी आलं, हात दुखला म्हणून की कशानं, मी विचारलं नाही. शेवटची चढल्यावर रीतीप्रमाणे तिनं कासाराला वाकून नमस्कार केला, आईला केला, आणि मला न करताच आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिलो. आत जावं की परवापर्यंत इथंच थांबावं, कुणीच सांगेना.