चांदीचं विरजण

चमचा तिसऱ्यांदा तापवला की ऐकायला लागतो. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐकल्यासारखं करतो.

*

डबी निळी. झाकणावर एके काळी काहीतरी छापलेलं होतं. आता एका अक्षराची शेपटी उरली आहे.

*

पोहायला शिकवणाऱ्या बाई जमिनीवर फार सावकाश चालतात.

*

समितीचं पत्र: 'या वर्षीपासून उन्हाळी मेळ्यात मांडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूसोबत, तो धातू पुनर्वापरातला असल्याचं प्रमाणपत्र असणं आवश्यक आहे.'

*

आत्याच्या एप्रनच्या खिशात मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा टोक नसलेली पेन्सिल, दोन तुटक्या कड्या आणि अर्धं बिस्किट सापडलं. बिस्किट मी खाल्लं. दाताखाली कचकच लागली. आत्या म्हणाली, "चांदी गेली पोटात. आता तुलाही वितळवावं लागणार."

*

आत्या दागिने घडवायची. नवी चांदी तिने जन्मात विकत घेतली नाही. लोक घरातलं मोडकं आणून द्यायचे. वाकलेले चमचे, जोडी हरवलेलं एकटं कानातलं, बंद पडलेल्या घड्याळाची साखळी, एकदा कुणाच्या तरी आजोबांनी शर्यतीत जिंकलेला कप. ते सगळं वितळवायच्या मुशीत जायचं आणि त्याची पानं, मासे, पिसं होऊन बाहेर यायची. आज याला लांबलचक नावं आहेत. आत्या त्याला 'फेकायचं कशाला' म्हणायची.

तिची एक पद्धत होती. साच्यात ओतताना शेवटचा थेंब ती आत जाऊ द्यायची नाही. बाजूच्या लोखंडी पत्र्यावर पाडायची. त्याची वाटाण्याएवढी गोळी व्हायची, ती निळ्या डबीत. पुढच्या वेळी मूस तापली की आधी ती गोळी आत, मग बाकीचं.

"विरजण आहे हे," ती म्हणायची. "पहिल्या चमच्यातलं थोडंसं शेवटच्या दागिन्यात गेलं पाहिजे."

माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दारातून म्हणायचे, "चांदी काय आंबवणार आहेस?"

"तुझ्या डोक्याला वेळेवर लावलं असतं, तर एव्हाना काहीतरी लागलं असतं," आत्या मान वर न करता म्हणायची.

*

मेळा तळ्याकाठच्या बागेत भरायचा, उन्हाळ्यातले तीन दिवस. आत्याचं टेबल मोठ्या झाडाखाली. टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत यायचं आणि त्याच्या आत माझं घर होतं. तिथून मला फक्त पाय दिसायचे. कोण नुसतं बघायला आलंय आणि कोण घेणार आहे, ते पायांवरून कळतं. घेणारा माणूस एक पाऊल मागे जातो. मी आतून आत्याच्या पायाला चिमटा काढायची, एक म्हणजे घेणार, दोन म्हणजे वेळ घालवतोय. माझं फारसं चुकायचं नाही. एकदा चुकलं तेव्हा आत्या सगळ्यांदेखत वाकून कापडाखाली म्हणाली, "बाईसाहेब, डोळे तपासून घ्या." गिऱ्हाईक घाबरून दोन अंगठ्या घेऊन गेलं.

संध्याकाळ संपता संपायची नाही. गवत तुडवल्याचा वास, बँडवाल्यांचं एकच गाणं पुन्हा पुन्हा, आणि कापडातून गाळून आलेला पिवळा उजेड. तसा उजेड मला नंतर कुठे सापडला नाही. मी शोधला नाही असं नाही.

*

आत्याचे हात थरथरायला लागले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून टेबल माझं, मूस माझी. ती माझ्याकडेच असते, वरच्या खोलीत, कार्यशाळा खाली. डबी तिच्या खिडकीत असते. मी ओतायचा बेत केला की तेवढी खाली येते. सकाळी चहा झाला की आत्या ती कानाशी नेऊन एकदा हलवते, आणि वाजली की परत ठेवते.

या वसंतात समितीचं ते पत्र आलं. मी कार्यशाळेतली झाडून सगळी चांदी एका पिशवीत भरली. मोड, कातरण, गेल्या वर्षीचे न विकले गेलेले दागिनेसुद्धा, कारण आत्याच्या पद्धतीला कागद नव्हता. शुद्ध करून देणाऱ्या कारखान्याची गाडी खाली उभी होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता. डबी टेबलावर होती, हलवली, वाजली, पिशवीत उपडी केली.

हाताने केलं. डोकं यादीत होतं.

तीन आठवड्यांनी चांदी परत आली. ओतायचं आहे म्हणून तोवर डबी खालीच राहिली होती. पांढरेशुभ्र दाणे आणि शिक्क्याचं प्रमाणपत्र. मूस तापली, मी सवयीने डबीकडे हात नेला, आणि तशीच उभी राहिले. डबी रिकामी होती.

कारखान्यातला माणूस फोनवर सभ्यपणे बोलला. "बाई, आमच्या भट्टीत अख्ख्या शहराचं एकत्र जातं. कसं शोधणार?"

मी एक नवा दाणा वितळवून वाटाण्याएवढी गोळी केली आणि डबी वर नेऊन ठेवली. सकाळी आत्याने ती हलवली. जरा जास्त वेळ हलवली असं मला वाटलं. मग म्हणाली, "मेळा उरकला की एकदा मूस लाव. मला समोर बसून बघायचंय. पुढच्या उन्हाळ्याचं माझं काही खरं नाही."

*

घरात आत्याच्या हातचं काहीच नव्हतं. जुनं विरजण उरलं असेल तर विकल्या गेलेल्या दागिन्यांत. मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. एकीचं पैंजण प्रवासात हरवलं होतं. एकीने अंगठी लेकीला दिली होती, लेक दूर देशी. तिसरी म्हणाली, "परत कशाला हवंय?" आणि मी फोन ठेवला.

उरला मेळा. जुनी माणसं येतात, जुनं घालून येतात. शेजारच्या टेबलावर खेळणीवाला असतो, जुन्या दारांच्या लाकडातून हत्ती काढतो. पहिल्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "ताई, तुम्ही लोकांच्या कानांकडे असं बघताय की पोलीस बोलावतील."

मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ हत्तीच्या पाठीवर पॉलिश घासत राहिला.

"म्हणजे तुमची ती गोळी आता शहरभर झाली."

"हो."

"मग एका अर्थी चांगलंच की."

"आत्याला सांगशील हे?"

"नको," तो म्हणाला. "मला अजून लग्न करायचंय."

दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या, सावकाश, उजव्या हाताची मूठ मिटून. मी त्यांच्याकडेच पोहायला शिकले होते. मूठ उघडली. आत्याच्या हातचं पान, कानातलं. देठाची कडी झिजून तुटलेली.

"आता, बसल्या बसल्या होईल का गं?" त्या म्हणाल्या. "दुसरं तलावाच्या तळाशी गेलं, पंधरा वर्षं झाली. हे एकटंच घालते. माणसं विचारतात, त्यांना वाटतं फॅशन आहे."

त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. मी चामड्याचं कापड मांडीवर पसरलं आणि देठाजवळचा जुना जोड कानशीने घासायला घेतला.

आत्याचा नियम असा, की दुरुस्तीत निघालेला चुरा गिऱ्हाइकाचा. पुडीत बांधून हातात द्यायचा, चिमूटभर असला तरी. लोक म्हणतातच की सोनार आईच्या दागिन्यातलंही काढून घेतो. आत्या म्हणायची, आपण त्या म्हणीला पुरावा द्यायचा नाही.

जोड स्वच्छ झाला. मी घासत राहिले. कानस देठावरून पानाच्या कडेवर गेली. आणखी चार हात, आणखी तीन. चामड्यावर राखाडी रेघ पडत होती आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की विरजण लागतं तरी किती.

"तुझी आत्या पुडी द्यायची," बाई म्हणाल्या. "मी हसायचे. म्हणायचे, याचं मी करू काय? तर म्हणायची, हरवा, पण तुम्ही हरवा."

मी कानस ठेवली. नवी कडी जोडली, पाण्यात विझवली, पुसली, त्यांच्या हातात दिली. चुरा कागदावर घेतला, पुडी बांधली. तीही दिली. दिल्यावर म्हणाले, "बाई, ती पुडी मला हवी आहे."

आणि डबीचं सगळं सांगितलं. जास्त घासलं, ते सोडून.

त्या पुडी बोटांत फिरवत राहिल्या. पायांकडे बघायची माझी सवय गेलेली नाही. त्या उठल्या आणि एक पाऊल मागे गेल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "पण तिला सांगून टाक. पाण्यात पडलं की आधी श्वास सोडायचा, शिकवलं होतं ना?"

*

सोमवारी सकाळी मी आत्याला धरून खाली आणलं. ती खुर्चीत बसली, एप्रन मागितला, बांधून घेतला. मी मूस लावली. तिने डबी पुढे केली.

"ही आपली नाही," मी म्हणाले.

"माहितेय."

"केव्हापासून?"

"पहिल्या सकाळपासून. नवी चांदी खणखण वाजते. आपली जराशी बोबडी होती." तिने डबी मांडीवर ठेवली. "बोल आता."

मी बोलले. कारखाना, हॉर्न, दाणे, बाई. शेवटी पुडी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती उलगडली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली. बोट थरथरत होतं पण चुऱ्याला धक्का लागला नाही.

"एका कडीचा एवढा चुरा निघत नाही," ती म्हणाली.

मी आच वाढवली.

"किती घासलंस?"

"सात हात जास्त."

"पान बारीक केलंस माझं." मुशीचा रंग बदलला, लाल, मग नारिंगी. "उद्या त्यांच्याकडे जा. सात हातांचंही सांग. आणि त्या पानाची जोडी करून दे, माझ्या मापाने. मापांची पाटी अजून भिंतीवर आहे ना?"

"आहे."

"हं. मग टाक."

मी पुडी मुशीवर धरली. आत्याने माझ्या मनगटाखाली हात लावला, लहानपणी लावायची तसा, आणि माझा हात तिच्या हाताबरोबर थरथरायला लागला. राखाडी चिमूट आत गेली. त्यावर प्रमाणपत्रवाले दाणे. वर टाकलेल्या टाकणखाराची लाही फुलली, विरली, आणि आत आरशासारखा गोल थेंब फिरायला लागला.

ओतलं. शेवटचा थेंब मी बाजूला पत्र्यावर पाडला. तो वाटाण्याएवढा झालाच नाही, मसुराएवढा झाला.

"चालेल," आत्या म्हणाली. "वाढेल."

गार झाल्यावर तिने तो डबीत टाकला, कानाशी नेला, हलवला. मग डबी माझ्या कानाशी धरली.

"कसं वाजतंय?"

"खणखणीतच," मी म्हणाले.

"थांब थोडी वर्षं."

*

ती डबी घशाच्या गोळ्यांची होती. मी सात वर्षांची असताना मला खोकला झाला होता, तेव्हा आत्याने आणली होती. गोळ्या मी चार दिवसांत संपवल्या.